मार्क हे फळ, चुका हे कर्म

काल भाच्याचा फोन आला. जेईई मेनच्या सराव पेपरात ३०० पैकी ११२. म्हणाला, "मामा, गीता सांगते ना फळाकडे बघू नको? मग मार्क कशाला बघू?"

दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक आपण असाच सोयीने वापरतो. कर्म टाळू नको, हेही त्याच श्लोकात आहे.

त्याचे ३३ बरोबर, २० चूक. बरोबरला ४, चुकीला वजा १. ते २० प्रश्न उघडून, कुठला येत नव्हता आणि कुठला नुसता ठोकला, हे वहीत लिहिणं म्हणजे कर्म. तोच पेपर पुन्हा देऊन मार्क वाढवणं ही फळाचीच हाव.

ऑफिसात टेस्ट फेल झाली की मीही लॉग न वाचता ती पुन्हा चालवतो. आज दोघांनीही आपापल्या चुका वाचायचं ठरवलंय.