दिशा, उपाधी आणि हिंगणघाटचा नकाशा

ज्या जुन्या सर्वेक्षण-नकाशावर हिंगणघाटची पेठ, वेणा नदीची वळणे, लोहमार्ग आणि भोवतालच्या खेड्यांचे रस्ते मैलास एक इंच या प्रमाणात आखलेले आहेत, तो कागद संगणकात उतरवून, त्याच्या कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश मोठ्या निष्ठेने भरून, जीपीएसवर चालणाऱ्या मार्गदर्शक यंत्राला वाचता येईल अशा रूपात त्याचे परिवर्तन करणाऱ्या हौशी माणसास पहिल्याच फेरीत एक चमत्कारिक अनुभव येण्याचा संभव असतो. तो स्वतः वेणेच्या पुलावर उभा असतो आणि पडद्यावरचा त्याचा ठिपका पुलापासून शे-दीडशे मीटर बाजूला उभा असतो. उपग्रहांना दोष द्यावा, तर मुलकी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धी अमेरिकेने मे २००० मध्येच काढून टाकली असल्यामुळे एवढी मोठी तफावत त्यांच्या माथी मारता येत नाही. कागदाला दोष द्यावा, तर त्यावरील पूल, स्टेशन आणि पेठ यांची परस्परांपासूनची अंतरे तंतोतंत जुळतात. प्रत्येक रेघ खरी आणि तरीही सगळा नकाशा सरकलेला, अशा या नकाशाला खोटा म्हणावे की खरा?

तांत्रिक उत्तर थोडक्यात सांगता येते. पृथ्वी ही नेमकी गोल नसल्यामुळे मोजणीसाठी तिच्या जागी एक कल्पित, किंचित चपटा गोलक मानावा लागतो. आपल्याकडील जुन्या नकाशांनी जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० साली निश्चित केलेला, विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७७.२७६ किलोमीटर असलेला गोलक मानला आणि त्याचा खुंटा मध्य भारतातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथे ठोकला. जीपीएस मानते तो डब्ल्यूजीएस ८४ हा गोलक ६३७८.१३७ किलोमीटर त्रिज्येचा आहे आणि त्याचा मध्य पहिल्याच्या मध्यापासून काही शे मीटर दूर आहे. म्हणून वेणेच्या त्याच पुलाला या दोन चौकटींत दोन निरनिराळे आकडे मिळतात, आणि परिवर्तन करणाऱ्याने ‘डेटम’च्या रकान्यात एकाऐवजी दुसऱ्याचे नाव भरले की सारा तालुका सरकतो. योग्य नाव भरले, की सॉफ्टवेअर निमिषात हिशेब करून सगळे जागच्या जागी आणून ठेवते. येथे व्यवहार संपतो. पण ज्याला विचाराची थोडी खोड आहे, त्याला पुढचा प्रश्न सोडत नाही: पुलाचे स्वतःचे असे स्थान यांपैकी कोणते?

हा प्रश्न हिंगणघाटाविषयी विचारावा यास एक विशेष औचित्य आहे. विल्यम लॅम्ब्टन, ज्याने १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा साखळीने मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, तो जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादेहून नागपूरकडे आपले दफ्तर हलवीत असता याच गावी वारला आणि येथेच त्याला मूठमाती मिळाली. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सुमारे ७८ व्या रेखांशाच्या अनुरोधाने तो जी त्रिकोणांची माळ गुंफीत चालला होता, तिचे पुढचे काम त्याचा सहायक एव्हरेस्ट याच्याकडे आले. म्हणजे ज्या गोलकामुळे आपला ठिपका पुलावरून ढळतो, त्याच्या पायाभूत मोजणीचा मूळ पुरुष त्याच गावच्या काळ्या मातीत विसावलेला आहे. या गृहस्थाच्या अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटचा १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना अपघात झाला, तेव्हा ते त्याने स्वतः ठोकूनपिटून पुन्हा वापरण्याजोगे केले. देवाच्या शिखरावरून जमीन मोजण्यात कोणास विसंगती वाटली असेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच एका दर्शनात आहे.

कणादांच्या वैशेषिक दर्शनाने जी नऊ द्रव्ये मानली, त्यांत पृथ्वी, जल, तेज यांच्या पंक्तीला ‘दिक्’ हेही एक द्रव्य आहे. ते प्रत्यक्ष दिसत नाही. ‘हे जवळ, ते दूर’ या आपल्या प्रत्ययावरून त्याचे अनुमान करावयाचे. ते एक, नित्य आणि सर्वव्यापी असून पूर्व-पश्चिम हे भेद त्याचे स्वतःचे नव्हेत, ते सूर्याच्या संयोगासारख्या उपाधींमुळे पडतात, असे ते दर्शन म्हणते. एव्हरेस्टचा गोलक आणि डब्ल्यूजीएस ८४ यांना मी उपाधी म्हणतो ते याच अर्थाने. पुलाचे आकडे हे पुलाचे गुण नव्हेत. पूल आणि आपण ठोकलेला खुंटा यांच्यातील संबंधाचे ते कथन आहे. खुंटा न सांगता आकडा सांगणे म्हणजे ‘दूर’ असे म्हणून ‘कशापासून’ हे गाळणे होय, आणि असत्याचा उगम आकड्यात नसून या गाळण्यात आहे.

आपल्या पूजाविधीने ही सावधगिरी कित्येक शतकांपूर्वीच बाळगली, याचे मला नेहमी कौतुक वाटते. संकल्प सोडताना यजमान प्रथम द्वीप, खंड, अरण्य, गोदावरीचा अमुक तीर आणि मग संवत्सर, मास, तिथी असा सारा देशकाल उच्चारतो, त्यानंतरच कर्माला हात घालतो. वर्ध्याचा यजमान गोदावरीचा उत्तर तीर म्हणेल, सोलापूरचा दक्षिण तीर म्हणेल, दोघेही खरे. आपल्या ज्योतिषांनी शून्य रेखांश उज्जयिनीवरून नेला, १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने तो ग्रीनिचवरून नेला, आणि आज जीपीएस घेऊन ग्रीनिचच्या त्या प्रसिद्ध पट्टीवर उभे राहिले तर यंत्रातला शून्य रेखांश तिच्या पूर्वेस सुमारे १०२ मीटरवर सापडतो. शून्यालाही स्थिर घर नाही.

येथे वेदान्ती मंडळी स्मित करून म्हणतील की, हा सगळा अध्यासच. भूमीवर रेघ नाही, तुम्ही ती आरोपिता आणि मग आरोपांतल्या फरकावर भांडता. आक्षेप खरा आहे. पण शांकरमतातही व्यावहारिक सत्तेला तिचा हक्काचा मुलूख दिलेला आहे आणि त्या मुलखात दीडशे मीटर ही फार मोठी गोष्ट आहे. सेलू किंवा समुद्रपूर तहसिलीतील अल्पभूधारकाचे कपाशीचे सारे वावर कित्येकदा तेवढ्या लांबीत मावते. त्याच्या धुऱ्यावरची रेघ तेवढी सरकली, तर त्याचा सातबारा शेजाऱ्याच्या जमिनीवर जाऊन बसेल. अशा माणसाला ‘सीमा हा भ्रम आहे’ असे ऐकविणारा मनुष्य तत्त्वज्ञ असेलही, पण सज्जन नव्हे.

हे तत्त्व ज्यांना ऐकविण्याचा अधिकार होता, ते याच वर्धा जिल्ह्यात पवनारला, धाम नदीच्या काठी राहिले. वारा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्याप्रमाणे भूमीचीही मालकी कोणा एकाची असू शकत नाही, असे विनोबा मानीत. लॅम्ब्टन ज्या हैदराबादेहून उत्तरेस येत होता, त्या हैदराबादेकडे ते मार्च १९५१ मध्ये पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्लीत त्यांना १०० एकरांचे पहिले दान मिळाले. हद्द पुसण्यास निघालेल्या या भूदान चळवळीला लगोलग हद्दीचीच गरज पडली: दान कोणत्या खसऱ्यातले, किती एकर, कोणाच्या ताब्यातले, हे पटवाऱ्याच्या दफ्तरी चढल्याशिवाय ते भूमिहीनाच्या हाती पडेना, आणि ज्या मध्यप्रदेश राज्यात वर्धा तेव्हा होते, त्याला १९५३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. यात काही जण चळवळीचा पराभव पाहतात. मला उलट वाटते. जो परमार्थाने रेघ मानीत नाही, त्याने ती व्यवहारात अधिक काटेकोरपणे ओढली पाहिजे, कारण चुकीच्या रेघेचा भार नेहमी निर्धनावर पडतो.

आणखी एक अडचण आहे आणि ती आकड्यांच्या दुरुस्तीने सुटत नाही. मार्ग दाखविणाऱ्या नकाशात दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना छेदताना दिसले म्हणून ते जोडलेले असतात असे नाही. दोन्ही रेघांत एक बिंदू समाईक असेल तरच यंत्र एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाऊ देते. समृद्धी महामार्गाखालून जाणारी पांधण नकाशात त्याला छेदते, तरी तेथून वर चढता येत नाही. उलट पांधण आणि डांबरी रस्ता प्रत्यक्षात मिळतात, पण आखणाऱ्याने समाईक बिंदू दिला नाही, तर यंत्र प्रवाशाला चार कोस वळसा घ्यायला लावते. वैशेषिकांनी संयोगाला वस्तूंहून निराळा गुण मानला, ते येथे शब्दशः पटते. पण संयोगही काळात उपजतो आणि काळात नाश पावतो. पाऊस लागला की कपाशीच्या काळ्या रानातील पांधणीत गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते. दिवाळीनंतर तीच पांधण सरळ मोटारीची वाट होते. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या लोकांनी मिळून केलेल्या नकाशात वाट हंगामी असल्याची नोंद करण्याची सोय आहे. परंतु तो नकाशा यंत्राच्या साच्यात उतरविताना ती नोंद बहुधा गळून पडते. मग परिवर्तन करणाऱ्याला निवड करावी लागते: पांधण बारमाही म्हणून ठेवायची, की मुळीच नाही म्हणून काढून टाकायची. मी स्वतः ती ठेवतो आणि तिच्या नावातच ‘फक्त उन्हाळी’ असे दोन शब्द जोडतो, कारण नावाचा रकाना तेवढा कोणत्याही साच्यात शाबूत राहतो. यंत्र ते शब्द समजत नाही आणि श्रावणातही त्याच वाटेने पाठविते. वाचायचे ते गाडी चालविणाऱ्याने.