शब्द, दंड आणि माफी



वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर अधूनमधून एक लहानशी बातमी येते. एखाद्या नामवंत खेळाडूने मैदानावर प्रतिस्पर्ध्याला किंवा पंचाला समलिंगी माणसांवरून शिवी दिली. मंडळाने त्याला दंड केला. त्याने जाहीर माफी मागितली. तीन वाक्यांत प्रकरण संपते आणि आपण पान उलटतो. त्या बातमीत आपल्यासाठी काही असेल असे वाटत नाही. परंतु तिच्यात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि ते दोन्ही आपल्या उंबरठ्याच्या आत येणारे आहेत. पहिला प्रश्न असा : "माझा तसा हेतू नव्हता" असे म्हटल्याने शब्दाचा दोष जातो काय? दुसरा असा : माणूस माफी मागतो तेव्हा तो नेमके काय करतो?

उदाहरण क्रिकेटचेच घेऊ, म्हणजे मुलांनाही समजेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुसिया बेटावर वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांचा तिसरा कसोटी सामना चालू होता. तिसऱ्या दिवशी इंग्लंडचा कर्णधार जो रूट फलंदाजी करीत होता आणि त्रिनिदादचा वेगवान गोलंदाज शॅनन गॅब्रिएल त्याच्यावर चिडलेला होता. गॅब्रिएल काहीतरी बोलला. ते शब्द यष्टीजवळच्या ध्वनिग्राहकाने पकडले नाहीत. रूटचे उत्तर मात्र जगाने ऐकले. त्याने एवढेच सांगितले, की ही गोष्ट शिवी म्हणून वापरू नकोस, समलिंगी असण्यात वाईट काही नाही. तो ओरडला नाही, उलट शिवी दिली नाही, आणि खेळत राहून त्याने शतक पुरे केले. संध्याकाळी पत्रकारांनी खोदून विचारले तरी गॅब्रिएल काय बोलला हे त्याने सांगितले नाही.

पुढे गॅब्रिएलने आरोप मान्य केला. सामन्याच्या मानधनापैकी ७५ टक्के रक्कम कापली गेली आणि आधीचे दोषांक जमा असल्यामुळे त्याच्यावर ४ एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. मग त्याने स्वतःच्या नावाने निवेदन काढले. काय बोललो ते त्याने लपवले नाही : माझ्याकडे पाहून हसतोस का, तुला मुलगे आवडतात काय, असे त्याने रूटला विचारले होते. आपल्याकडे चालते तशी ही मैदानावरची थट्टा आहे असे मी समजत होतो, ती अपमानकारक होती हे आता मला कळले, असे सांगून त्याने विनाअट माफी मागितली.

आता दुसरे उदाहरण पाहा. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील बास्केटबॉलचा थोर खेळाडू कोबी ब्रायंट पंचावर संतापला आणि त्याने समलिंगी पुरुषांसाठी वापरली जाणारी हीन शिवी पंचाला दिली. दूरदर्शनच्या कॅमेऱ्याने ते टिपले. दुसऱ्याच दिवशी त्याला १ लाख डॉलर दंड झाला. रक्कम मोठी वाटते. पण त्या हंगामात त्याचे वेतन २ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक होते. त्याचे पहिले निवेदन असे, की रागाच्या भरात शब्द गेला, तो शब्दशः घेऊ नये, समलिंगी लोकांविषयीच्या माझ्या भावना त्यात नाहीत.

बंधूंनो, हे वाक्य नीट तपासा. अशा जवळजवळ प्रत्येक निवेदनात ते कोणत्या ना कोणत्या रूपात असते. "त्या लोकांविषयी माझ्या मनात काहीच नाही." मग माझा प्रश्न असा, की मनात काही नव्हते तर नेमका तोच शब्द का निवडला? माणूस दुसऱ्याला दुखवण्यासाठी हवेतला शब्द उचलत नाही. समोरच्याला कोणता शब्द झोंबेल हे त्याला ठाऊक असते. आणि तो शब्द झोंबतो तो एकाच कारणाने : अमुक असणे म्हणजे हलके असणे, हे बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दोघांनीही गृहीत धरलेले असते. तेवढे गृहीत काढून टाका, शिवीत विष उरत नाही. रूटने तेच केले. त्याने शिवी परत केली नाही, तिच्यातले गृहीतच नाकारले.

आपल्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शाळेच्या आवारात दोन सवर्ण मुले भांडतात आणि एक दुसऱ्याला आपल्या जातीचे नाव घेऊन शिवी देतो. शिवी देणारा आपला नाही, खाणाराही आपला नाही. पण भिंतीला टेकून आपला मुलगा उभा आहे. ती शिवी कोणाला लागली? भांडणारी मुले संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतील. भिंतीपाशी उभा असलेला मुलगा घरी जाईल आणि कोणाला काही सांगणार नाही. अशा शिवीचे नेहमी दोन बळी असतात : एक समोरचा, आणि दुसरा तो, ज्याचे असणेच शिवीसाठी वापरले गेले. मैदानावरच्या प्रकरणातही तसेच आहे. इंग्लंडमधील फुटबॉलपटू ग्रॅम ल सो समलिंगी नव्हता, संसारी गृहस्थ होता. पण त्याच्या आवडीनिवडी संघातल्या इतरांपेक्षा निराळ्या होत्या, एवढ्यावरून सहकाऱ्यांनी, विरोधकांनी आणि हजारो प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे त्याला ती शिवी दिली. त्या प्रेक्षकांत आणि त्या संघांत खरोखर समलिंगी असलेले जे तरुण असतील, त्यांनी त्यातून गप्प राहण्याचा धडा घेतला असेल.

कोणी म्हणेल, थट्टेचे एवढे मनावर काय घ्यायचे? या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात आहे. भिक्खूंच्या नियमांत टोचून बोलण्याविषयी स्वतंत्र नियम आहे. जन्म, नाव, गोत्र, काम, कसब, आजार, शरीराची ठेवण अशा दहा गोष्टी तेथे मोजल्या आहेत, ज्यांवरून माणूस माणसाला घालूनपाडून बोलतो. आणि पुढे असेही म्हटले आहे, की अपमान करण्याचा हेतू नसून केवळ गंमत म्हणून त्यावरून बोलले तरी दोष आहेच. तो हलका आहे, पण त्याला वेगळे नाव आहे : दुब्भासित, म्हणजे वाईट बोललेले. हेतूने दोषाचे वजन कमीजास्त होते. हेतू नाही म्हणून दोष नाहीसा होत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या खुलाशापेक्षा पुढचा आहे.

याच प्रसंगी नंदिविसाल बैलाची कथा सांगितलेली आहे. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने १००० नाण्यांची पैज लावली, की माझा बैल १०० भरलेल्या गाड्या ओढील. ऐन वेळी त्याने "चल रे लबाडा" म्हणून बैलाला हाकले. बैलाने चारी पाय खांबासारखे रोवले आणि तो हलला नाही. घरी येऊन मालक तोंड पाडून बसला, तेव्हा बैलाने विचारले, तुझ्या घरात मी कधी एखादे मडके तरी फोडले काय? मग मला लबाड का म्हणालास? पुढच्या वेळी चांगल्या शब्दांनी हाकले, आणि त्याच बैलाने गाड्या ओढल्या. मालकाच्या मनात बैलाविषयी वैर होते असे कथा म्हणत नाही. त्याला फक्त जिंकण्याची घाई होती. तरीही शब्द लागला. मुक्या जनावराला जे कळले ते माणसाला का कळू नये?

राग आला होता, ही दुसरी सबब. राग खरा असतो, मैदानावर तर असतोच. पण राग शब्द निर्माण करीत नाही. कोठीत आधीच भरून ठेवलेला शब्द तो बाहेर काढतो. म्हणून रागाच्या भरात गेलेला शब्द माणसाचा नाही असे म्हणता येत नाही. तो त्याच्या कोठीतला आहे, आणि त्या कोठीत तो त्याच्या घराने, गल्लीने, संघाने भरला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये टोरांटोच्या संघातील बेसबॉलपटू युनेल एस्कोबार याने उन्हापासून बचावासाठी डोळ्यांखाली लावायच्या काळ्या पट्टीवर अशीच शिवी स्पॅनिश भाषेत लिहिली आणि तशीच लावून तो सामना खेळला. त्याला ३ सामन्यांसाठी निलंबित केले गेले. हा शब्द आमच्यात सहज वापरतात, त्याला काही अर्थ नाही, असे त्याने सांगितले. तो खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. पण मग त्या दिवशी त्याच्या शेजारी बसलेल्यांचे काय? तोंडावर लिहिलेला शब्द पुसून ये, असे त्याला कोणी म्हटल्याचे दिसले नाही. शिवी एकाच्या तोंडची असते; ती जिवंत राहते सगळ्यांच्या मौनावर.

आता माफीकडे वळू. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत : दिलगिरी आणि माफी. दिलगिरी म्हणजे मला वाईट वाटले. माफी म्हणजे मी चुकलो, आणि सोडवणे आता तुमच्या हाती आहे. दिलगिरीत बोलणारा स्वतःविषयी बोलतो. माफीत तो दुसऱ्यापुढे उभा राहतो. "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे" हे वाक्य आपण पुढाऱ्यांकडून किती वेळा ऐकले आहे! त्यातला "असल्यास" सगळा दोष ऐकणाऱ्याच्या पदरात टाकतो : तू हळवा म्हणून दुखावलास.

डिसेंबर २०१५ मध्ये मेक्सिको सिटीतील सामन्यात राजॉन राँडो या बास्केटबॉलपटूने पंच बिल केनेडी यांना अशीच शिवी दिली. त्याला एका सामन्यासाठी निलंबित केले गेले. त्यानंतर केनेडी यांनी, आपण समलिंगी आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, असे उघड सांगितले. खेळातल्या तरुणांनी आपण जे आहोत त्याची लाज बाळगू नये, असा त्यांचा निरोप होता. राँडोच्या पहिल्या निवेदनात राग होता, खुलासा होता, माफी सापडत नव्हती. टीका झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने दुसरे, अधिक स्पष्ट निवेदन काढले. पाहा, केनेडी यांना स्वतःचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडावे लागले, तेव्हा कुठे समोरच्याला पुरते शब्द सापडले. माफीची किंमत जखमी माणसानेच आधी मोजावी, हा कोणता न्याय?

मग दंड आणि सक्तीची निवेदने निरुपयोगी काय? तसेही नाही. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवरील भाषणात सांगितले होते, की हक्कांचे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते. याचा अर्थ कायदा नको असा नव्हे. कायद्याचे प्रणेते तर तेच होते. दंड कुंपण घालतो. कुंपणाच्या आत काय पिकेल हे मात्र मशागतीवर अवलंबून. दंडाने तोंड बंद होते. कोठीतला शब्द माणसाला स्वतःच काढून टाकावा लागतो.

खरी माफी कशी असते? राजा अजातशत्रू राजगृहात जीवकाच्या आम्रवनात बुद्धांपुढे आला आणि राज्याच्या लोभाने बापाचा वध केला हे त्याने कबूल केले. बुद्धांनी ती कबुली स्वीकारली. अपराध हा अपराध म्हणून पाहावा, तो उघड सांगावा आणि पुढे संयम पाळावा, यात वाढ आहे, असे त्यांनी मानले. परंतु राजा गेल्यावर त्यांनी भिक्खूंना हेही सांगितले, की याने हे कृत्य केले नसते तर याच बैठकीत त्याला धम्मदृष्टी लाभली असती. म्हणजे कबुली मोलाची आहे, तरी ती केलेले पुसून टाकत नाही. धम्मात दोष धुणारे तीर्थ नाही. पाहणे, सांगणे आणि पुन्हा न करणे, एवढेच आहे. आणि त्यातले तिसरे वर्षानुवर्षे चालते.

या कसोटीवर ब्रायंटचे पुढचे वागणे पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच्या एका चाहत्याने "समलिंगी" हा शब्द दुसऱ्याला हिणवण्यासाठी लिहिला. ब्रायंटने त्याला जाहीरपणे टोकले, की हे बरोबर नाही, हा शब्द असा वापरणे सोडून दे. लगेच कोणीतरी त्याला २०११ ची आठवण करून दिली. तो चिडला नाही. ते माझे अज्ञान होते, ते माझ्या पदरी आहे आणि मी त्यातून शिकतो आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्या वेळी डोक्यावर दंड नव्हता, मंडळाचा आदेश नव्हता. २२ महिन्यांपूर्वी सुरू केलेली माफी त्या दिवशी पुरी होऊ लागली, असे मी म्हणेन. २०२० मध्ये अपघातात त्याचा अंत झाला. त्याच्या नावापुढे ती शिवीही राहील आणि हे उत्तरही राहील. दोन्ही राहणेच योग्य आहे.

आता आपल्या वस्तीकडे या. संध्याकाळी पोरे क्रिकेट खेळतात. चेंडू अंगावर आला म्हणून एखादा मागे सरला, की "बायल्या" म्हणून हाक पडते. कोणी म्हणतो, "बांगड्या भर." कोणी टाळी वाजवून तृतीयपंथीयांची नक्कल करतो. मोठी माणसे ओट्यावर बसून हसतात. या सगळ्या शिव्यांची मुळी एकच आहे : बाईसारखे असणे म्हणजे हलके असणे. ज्या हातांच्या बांगड्यांनी आपल्याला भाकरी थापून घातली, त्या बांगड्या शिवी कशा झाल्या? आणि खेळणाऱ्या त्या पोरांत एखादा मुलगा असा असेल, ज्याचे मन मुलींकडे वळणार नाही. एखादी मुलगीही असेल. ती मुले आपलीच आहेत. ती हसणाऱ्यांत सामील होतात, कारण न हसणे धोक्याचे असते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ समलिंगी माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्या निकालाचा मोठा आधार होता संविधानिक नीतिमत्ता. ती उपजत नसते, जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सांगितले होते. जोपासायची ती कुठे? न्यायालयात नव्हे, ओट्यावर.

म्हणून एवढे करा. मुलाच्या तोंडून असा शब्द आला तर थप्पड मारू नका. या शब्दाचा अर्थ काय, आणि तसे असण्यात वाईट काय, हे त्याला विचारा. ओट्यावर कोणी हसला तर तुम्ही हसू नका, आणि जमल्यास रूटसारखे एक वाक्य शांतपणे बोला. तुमच्याच तोंडून शब्द गेला असेल तर मुलांसमोर "असल्यास" न घालता म्हणा : मी चुकलो. आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द पुन्हा बोलू नका. जातीच्या नावाने हाक मारली जाण्याचे दुःख ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले, त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाच्या असण्याची शिवी होऊ नये.