फवारणीआधीचा आकडा

आपल्याकडे पिकावरच्या विषाला 'औषध' म्हणतात. श्रावण-भाद्रपदात यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वाढते, शेतमजुराच्या पाठीवर पंप चढतो आणि संध्याकाळी कोणीतरी सांगतं, 'औषध लागलं.' मळमळ, गरगर, डोळ्यांपुढे धूसर. रात्र काढायची, सकाळी पुन्हा पंप उचलायचा.

2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात या 'औषधा'ने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला आणि शेकडोंना दवाखान्यात पोचवलं. पऱ्हाटी डोक्याला लागली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. मजुरांनी मास्क का लावला नाही, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. त्यांच्या रक्तात काय चाललं होतं, यावर फार कमी.

आपल्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं प्रथिन आहे. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनातून. काम झालं की हुकूम पुसावा लागतो. ते काम या प्रथिनाचं. त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट विषं नेमकी त्याला जखडतात. मग हुकूम पुसलाच जात नाही: लाळ, घाम थांबत नाही, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो.

याच प्रथिनावर खरी औषधंही काम करतात. अल्झायमरमध्ये डोनेपेझिल त्याला जरासं आवरतं. नागदंशात अ‍ॅट्रोपिनच्या जोडीने दिलेलं निओस्टिग्मिनही तेच करतं. विषबाधेत मात्र प्रॅलिडॉक्सिम त्याला सोडवायला धावतं, पण वेळेत पोचलं तरच. उशीर झाला की ती पकड कायमची बसते.

म्हणून पकड बसण्याआधी कळायला हवं, आणि ते कळू शकतं. हेच प्रथिन तांबड्या रक्तपेशींवर असतं. रक्त तपासून त्याचा जोर मोजता येतो. अडचण एकच: प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा. मुळात जास्त असलेल्याचा तिसरा हिस्सा गेला तरी कागदावर तो 'नॉर्मल' दिसू शकतो. फवारणीआधीचा आकडा हाती नसेल, तर नंतरचा अर्धंच सांगतो.

कॅलिफोर्नियाने 1974 पासून शेतात अशी विषं हाताळणाऱ्यांची ही तपासणी बंधनकारक केली. आकडा मूळ आकड्याच्या 80 टक्क्यांखाली घसरला की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतला आकडा मूळच्या 70 टक्क्यांवर आला की माणसाला फवारणीपासून दूर ठेवायचं. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून झालेली तूट हळूहळूच भरते. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या वावरात फवारणाऱ्या मजुराला तेवढी उसंत कुठली?

ही तपासणी प्रत्येक विष पकडणार नाही. सगळीच कीटकनाशकं या प्रथिनावर घाव घालत नाहीत. विक्रीवरचा वचक, सुरक्षित पंप, अंगभर कपडे यांची जागाही ती घेणार नाही. पण 'जरा गरगरलं' या मजुराच्या शब्दाला ती आकड्याचं बळ देईल.

म्हणून मागणी साधी आहे. पहिली फवारणी होण्याआधी, जूनमध्येच, राळेगावच्या प्रत्येक फवारणाऱ्याचं रक्त सरकारी खर्चाने तपासा, हंगामात पुन्हा तपासा, आणि आकडा उतरला तर त्याला थांबवताना त्याची मजुरी बुडू देऊ नका.