टेकडीची चढण आणि दाराची पायरी

निसर्ग सर्वांचा आहे, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातल्या 'सर्वांचा' या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. ऊन, वारा, पाऊस यांना कुंपण नाही, हे खरे. परंतु झाडाखाली जाऊन बसायचे तर तिथवर वाट लागते, आणि वाट म्हटली की ती कोणाला झेपेल हा प्रश्न उभा राहतो. ज्याचे पाय चालत नाहीत, ज्याला दिसत नाही, ज्याचे गुडघे साठीनंतर जिन्याला भिऊ लागले आहेत, त्याच्या बाबतीतही निसर्ग 'सर्वांचा' आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न बांधकाम खात्याचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे.

रावेतमध्ये राहणाऱ्या आम्हां कुटुंबांना तर तो रोज भेटतो. पवनेच्या काठचे हे गाव पाहता पाहता उंच इमारतींचे उपनगर झाले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली तरुण माणसे इथे स्थिरावली, आणि मागाहून त्यांनी गावाकडच्या वृद्ध आईवडिलांनाही आणले. ज्यांचे आयुष्य अंगणात, विहिरीवर, शेताच्या बांधावर गेले ती माणसे आता बाराव्या मजल्याच्या सज्जात बसून खाली पाहतात. रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवनेचे पाणी उचलले जाते, निगडीच्या केंद्रात ते शुद्ध होते आणि तेथून घरोघर पोहोचते. बाराव्या मजल्यावरच्या नळालाही ते येते. नदीला बाराव्या मजल्यावर चढवण्याची विद्या आपण हस्तगत केली. बाराव्या मजल्यावरच्या आजीला नदीकाठी नेण्याची विद्या त्याहून कठीण असेल, असे आम्हांस वाटत नाही. तिची निकड मात्र आपल्याला तितकीशी भासलेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. निसर्गाला निसर्गाच्या अटींवरच भेटावे, असे काही वनप्रेमी म्हणतात. प्रत्येक टेकडीवर फरसबंदी आणि प्रत्येक ओढ्यावर कठडा घातला, तर पाहायला उरेल ते वन नसेल. ते दिवाणखान्यातल्या कुंडीसारखे काहीतरी असेल. या म्हणण्यात तथ्य आहे. राजगडाची चढण कठीण आहे म्हणून कोणी कोणावर अन्याय केला, असे होत नाही. ती चढण कोणी कोणाला वगळण्यासाठी रचलेली नाही.

परंतु आपल्या सहली बहुधा राजगडावर जात नाहीत. त्या जातात उद्यानात, आणि उद्यान हे मनुष्याच्या हातचे काम असते. धारावीनजीक, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान आठवावे. जिथे एके काळी मुंबईचा कचरा टाकला जात असे, त्या सुमारे ३७ एकर जागेवर माती पसरून, रोपे लावून, ती जगवून लोकांनी वन उभे केले. १९९४ साली ते सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून शाळांतील मुले झाडे, पक्षी व फुलपाखरे ओळखायला तेथे येतात. आमच्या रावेतमधील मेट्रो इको पार्कही मेट्रोच्या कामाच्या निमित्ताने झाडे लावून निर्माण झाले आहे. जिथे कचऱ्याचे रान करता येते, तिथे वाट अवघड राहिली तर 'निसर्गच तसा' असे म्हणता येत नाही. वन लावणाऱ्याने वाटही आखलेली असते.

म्हणून टेकडीची चढण आणि दाराची पायरी यांतला भेद आपण नीट ओळखला पाहिजे. उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशीच्या तीन पायऱ्या, दुचाकी आत शिरू नये म्हणून बसवलेले वाकडे लोखंडी अडसर, उखडून वर आलेले फरसबंदीचे ठोकळे, उंचावर बारीक अक्षरांत लावलेल्या झाडांच्या पाट्या, कुलूपबंद स्वच्छतागृह: यांतले काहीही देवाने निर्माण केलेले नाही. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार असावा, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना म्हणजे अठरा फूट जागा लागेल. रानात सिमेंट ओतण्याचीही गरज नाही. चांगला दाबून बसवलेला मुरूम, कडेने एक दोरी किंवा बांबूचा कठडा आणि दर थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असे बाक, एवढ्याने पुष्कळ साधते. एखादा वळसा असा असावा, की जो सर्वांना पुरा करता येईल. बाकीचे रान खडतर राहिले तरी चालेल.

निसर्गसहल ही मुलांसाठी शाळा असते, असे आपण म्हणतो. मग ती काय शिकवते, हेही पाहावे. सारा वर्ग झाडीत शिरतो आणि कुबड्या घेतलेल्या मुलाला प्रेमाने सांगितले जाते, "तू इथे बाकावर बस, आम्ही येतोच." त्या मुलाने त्या दिवशी पानांचे आकार शिकले नाहीत, आपल्यावाचून सहल पूर्ण होते, हे तो शिकला. आणि इतर मुलांनी पानांबरोबर आणखी एक धडा गिरवला, की एखाद्याला मागे ठेवून पुढे जाण्यात काही विशेष नाही. पहिला धडा जितका दुःखाचा, तितकाच दुसरा घातक.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येऊ शकत नसत. या बाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. ती 'कुरणशाळा' म्हणून प्रसिद्ध झाली. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर अंतर कोणी कापायचे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर आजही पुरेसे स्पष्ट आहे.

दुसरे उदाहरण चेन्नईचे. तेथील मरीना किनाऱ्यावर वाळूतून चाकाची खुर्ची पुढे सरकत नसे. समुद्र अवघ्या काही पावलांवर असूनही कित्येकांनी जन्मात लाटेला स्पर्श केलेला नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे वाळूवरून पाण्याच्या दिशेने जाणारी लाकडी वाट बांधण्यात आली. पुढच्याच महिन्यात मंदौस चक्रीवादळाने तिची मोडतोड केली. पण वादळाने वाट मोडते म्हणून वाट बांधणेच व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे बरोबर नव्हे. मोडलेली वाट पुन्हा बांधायची असते.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक शिफारशींच्या रूपात राहू नयेत, ते बंधनकारक असावेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतली किती माणसे आपल्याला उद्यानात भेटतात? ती दिसत नाहीत म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून ती दिसत नाहीत, असे हे चक्र आहे.

शुभवर्तमानातील कफर्णहूमचा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. दाराशी गर्दी होती म्हणून चौघांनी पक्षघाती मित्राला छतावर नेले, छप्पर उघडले आणि त्याला खाटेसह खाली सोडले. त्या चौघांच्या निष्ठेचे आपण नेहमी कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गर्दीचा विचार आपण क्वचितच करतो. तीही प्रभूची वचने ऐकायलाच आलेली भाविक माणसे होती. त्यांच्या मनात वैर नव्हते. फक्त बाजूला सरायचे त्यांच्यातल्या कोणाला सुचले नाही. बहुतेक दारे अशाच सज्जन माणसांच्या पाठींनी बंद झालेली असतात.

आणि त्या प्रसंगाचा शेवट असा आहे, की तो मनुष्य आपली खाट स्वतः उचलून बाहेर गेला. आपल्या दयेला इथे थोडी शिकवण आहे. खुर्ची उचलून पायऱ्यांवरून नेणारे हात भले असतात, पण उचलला जाणारा मनुष्य त्या क्षणी ओझे होतो आणि प्रत्येक वेळी त्याला आभार मानावे लागतात. चांगल्या वाटेचे आभार मानावे लागत नाहीत. मनात आले की एकट्याने जावे, झाडाखाली गप्प बसावे, कंटाळा आला की परतावे, हे सुख आपण सारे भोगतो. त्यालाही ते हवे असते. त्याने आपल्याला धैर्याचे धडे द्यावेत म्हणून त्याला सोबत न्यावे, हाही एक स्वार्थच. तो येतो, कारण झाड त्याचेही आहे.

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांची पुढची सहल ठरेल त्या वेळी स्थळाच्या आधी माणसांची यादी करावी. कोण येऊ शकणार नाही, हे प्रथम विचारावे आणि ज्यांना अडचण आहे त्यांनाच विचारून जागा निवडावी. दोघांनी आधी जाऊन पायऱ्या मोजाव्यात, स्वच्छतागृहाचे दार उघडते का ते पाहावे. जे खटकेल ते महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवावे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. टेकडी सपाट करा, अशी मागणी कोणी करत नाही. आपणच घातलेल्या तीन पायऱ्यांबद्दल मात्र जाब आपल्यालाच द्यावा लागेल.