आभाराचे पत्र आणि त्याखालचा ताजा कलम

गेल्या आषाढीच्या वाटेवर सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीतला एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. मुलगा शिकलेला, पुण्यात नोकरीच्या शोधात असलेला. पायाला तेल चोळता चोळता त्याने विचारले, “बुवा, मुलाखत दिली की दुसऱ्याच दिवशी साहेबाला आभाराचं पत्र पाठवा, असं आम्हाला शिकवतात. अमेरिकेत तशी रीतच आहे म्हणे. पण नोकरी अजून मिळालेली नाही, मग आभार कसले? आणि मिळाली तरी साहेबानं पगार घेऊन आपलं काम केलं. हे सगळं ढोंग नव्हे काय?”

प्रश्न ऐकायला सोपा वाटला. पण पुढे जेजुरी आली, वाल्हे आले, तरी तो आमची पाठ सोडीना. म्हणून आज वाचकांपुढे तो मांडीत आहो.

आपल्याकडे तोंडाने आभार मानण्याची चाल फारशी नाही. आई ताट वाढते, तिला कोणी आभार म्हणत नाही. म्हटले तर ती म्हणेल, “असं काय रे परक्यासारखं?” हे खरेच आहे. परंतु घरात आपण गप्प बसतो ते कशाच्या जोरावर? आईचे ऋण पुढे तिची सेवा करून अंशतः तरी पोचवता येईल, या भरवशावर. कचेरीत तो भरवसा नाही. आज शेजारच्या मेजावर बसणाऱ्याची उद्या बदली होते, परवा तो निवृत्त होतो, आणि ज्याने आपल्याला हाताला धरून काम शिकवले तो कोणत्या गावी राहतो हेदेखील आपल्याला ठाऊक नसते. जिथे हाताने फेडता येत नाही, तिथे निदान शब्दाने तरी सांगावे की नाही?

“पण त्याला पगार मिळतो ना!” असे कोणी म्हणेल. मिळतो. पण पगार कशाचा मिळतो, हे नीट पाहिले पाहिजे. दवाखान्यातली परिचारिका सुई टोचते, त्याचा तिला पगार आहे. टोचण्याआधी ती म्हाताऱ्याला “बाबा, घाबरू नका हं” म्हणते, त्याचा पगार कोणत्या पत्रकात लिहिलेला असतो? यष्टीचा चालक गाडी हाकतो त्याचा पगार घेतो. काठी टेकीत येणारी आजी दिसली म्हणून तो अर्धा मिनिट गाडी थांबवतो, ते पगाराबाहेरचे. मोबदला कामाचा असतो, कामातल्या जिव्हाळ्याचा नसतो. आभार मानायचे ते या जिव्हाळ्याचे.

भाषेनेच हा निवाडा करून ठेवला आहे. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा, आणि कृतघ्न म्हणजे केलेले मारून टाकणारा. कृतघ्न व्हायला कोणाचे वाईट करावे लागत नाही. जाणायचे राहिले की ते मेलेच.

आपल्या संप्रदायाला तर हे नवीन नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवासे येथे सिद्ध झाली. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या अखेरीस लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव नोंदलेले आहे. माउलींनी सांगितले, बाबांनी लिहून घेतले. लिहून घेणाऱ्याचे नाव आले नसते तर ग्रंथाचे काही उणे झाले नसते. तरी ते आले आणि सातशे वर्षे टिकले. कोणाच्या हाताने काय झाले हे लिहून ठेवावे, इतका धडा त्यातून आपण खुशाल घ्यावा.

आता ढोंगाचा प्रश्न. इथे दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे.

सन १९८४ मध्ये आम्ही एका कचेरीत कारकून होतो. मार्चअखेरीचे दिवस. आमच्या हातून बिलांच्या बेरजेत मोठी चूक झाली. तेथील वृद्ध हेडक्लार्कनी ती पाहिली. साहेबांकडे तक्रार न करता ते रात्री अकरा वाजेपर्यंत आमच्याबरोबर बसले आणि सगळी बिले पुन्हा जुळवून दिली. सकाळी कोणाला पत्ता नाही! आमची नोकरी त्या रात्री वाचली. आम्ही मनात पुष्कळ म्हटले, तोंडाने काही नाही.

तीन वर्षे गेली. आमची बदली झाली होती. १९८७ साली आमच्या पुतण्याला नोकरी हवी होती, आणि त्याच कचेरीत जागा निघाल्याचे कळले. तेव्हा आम्हांस हेडक्लार्कांची आठवण झाली. दोन पाने पत्र लिहिले. ती रात्र, ती बिले, त्यांचे उपकार, सारे अगदी मनापासून लिहिले. आणि सहीखाली ताजा कलम घातला: पुतण्याकडे लक्ष असू द्यावे.

चार दिवसांत पोस्टकार्ड आले. “अर्जाची शेवटची तारीख १५ आहे, वेळेत पाठवायला सांगा. पत्राचा वरचा भाग त्याच मार्चमध्ये आला असता तर बरं वाटलं असतं.”

एवढेच. ते कार्ड वाचून आमची मान खाली गेली. आम्ही लिहिलेले एक अक्षरही खोटे नव्हते. पण खालच्या दोन ओळींनी वरच्या दोन पानांचा अर्ज करून टाकला होता. पुढे आम्ही दुसरे पत्र लिहिले, ताजा कलमाशिवाय. त्याचे उत्तर आले नाही. उत्तराची अपेक्षा नव्हती असे म्हणू तर खोटे होईल. महिनाभर आम्ही टपालवाल्याची वाट पाहिली. तेव्हा कळले की आभाराने आभाराची पोचसुद्धा मागू नये.

याच्या उलट एक परदेशातले उदाहरण पाहा. फ्रेंच ग्रंथकार आल्बेर काम्यू लहानपणी अल्जीरियात फार गरिबीत वाढला. बाप १९१४ च्या लढाईत गेला, आई लोकांच्या घरी कामे करी. लुई जेर्मेँ नावाच्या शाळामास्तरांनी त्याला मोफत शिकवून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले. सन १९५७ मध्ये काम्यूला नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा १९ नोव्हेंबर रोजी त्याने मास्तरांना छोटेसे पत्र लिहिले. बातमी ऐकल्यावर आधी आई आठवली आणि मग तुम्ही, असा त्याचा आशय. मास्तरांकडून मिळवायचे आता काही उरले नव्हते. म्हणूनच त्या पत्राला वजन आले.

तर त्या तरुणाला आमचे सांगणे असे. बाळ, मुलाखतीनंतर पत्र जरूर पाठव. त्यांनी वेळ दिला, नीट ऐकून घेतले, तेवढ्याचे आभार मान. पण “माझा विचार व्हावा” असे लिहायचे असेल तर ते उघड अर्ज म्हणून लिही, आभाराच्या शालीत गुंडाळू नकोस. काय केले ते नाव घेऊन सांग. नुसते “आपला आभारी” हल्ली यंत्रही लिहून देते. आणि पत्र फक्त वरच्या खुर्चीकडे जाऊ देऊ नकोस. दाराशी बसून “साहेब आत आहेत, या” म्हणणाऱ्या शिपायालाही ते पोचू दे. त्याच्याकडून आपल्याला काही मिळायचे नसते, म्हणून आपला आभार खरा की खोटा हे तिथेच कळते.

वाचकहो, वारीत आपण लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. त्या वाकण्याखाली ताजा कलम नसतो. कचेरीतल्या पत्रालाही तेवढेच साधता आले तर पुष्कळ झाले. ज्यांना लिहायचे राहून गेले आहे असे एखादे नाव हे वाचताना मनात आले असेल, तर आज एकादशीची वाट न पाहता कागद घ्यावा. आमच्याकडून तीन वर्षे उशीर झाला. आपल्याकडून होऊ नये.