विपाकाविना रस

आयुर्वेद कोणत्याही द्रव्याचा विचार जिभेपाशी थांबवत नाही. जिभेला कळतो तो रस. तेच द्रव्य पोटात जाऊन जठराग्नीने पचल्यावर त्याचे जे होते तो विपाक. या दोहोंत अंतर असू शकते, हे चरकसंहितेला ठाऊक आहे. पिंपळी चवीला तिखट, पण तिचा विपाक मधुर सांगितला आहे. मात्र जिभेला भरभरून गोडी द्यावी आणि पोटात जवळजवळ काहीच पोहोचवू नये, असे द्रव्य प्राचीन वैद्यांपुढे आले नव्हते. ते गेल्या दीडशे वर्षांत आले. सॅकरिन साखरेच्या सुमारे ३०० पट गोड, ॲस्पार्टेम सुमारे २०० पट, सुक्रॅलोज सुमारे ६०० पट. चहाच्या कपाला यांतले काही मिलिग्रॅम पुरतात. सॅकरिन शरीरातून जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. ॲस्पार्टेम पचते, पण त्याची मात्रा इतकी अल्प असते की उष्मांक हिशेबात धरावे लागत नाहीत.

अशी गोडी रोज घेणे आरोग्याचे आहे का, हा प्रश्न बहुधा वैद्यकाचा समजला जातो. तो तेवढाच नाही. सुश्रुताने स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी आणि धातू सम असण्याबरोबरच आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असण्याची अट घातली आहे. स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. रक्तातली साखर मोजून या लक्षणाचा अर्धाच भाग तपासता येतो. उरलेला अर्धा वासनेशी संबंधित आहे, आणि तिथे दर्शनांना व धर्मग्रंथांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

ही द्रव्ये शोधली गेली ती जिभेच्याच अपघाताने. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डांबरापासून निघणाऱ्या संयुगांवर काम करणारे कॉन्स्टँटिन फालबर्ग जेवायला बसले आणि हाताला लागलेल्या पदार्थामुळे त्यांना घास गोड लागला. ते सॅकरिन होते. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट चाटले आणि ॲस्पार्टेम सापडले. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाला साखरेपासून बनवलेल्या एका क्लोरीनयुक्त संयुगाची ‘टेस्ट’ करायला सांगण्यात आले. चव घ्यायला सांगितले आहे असे समजून त्यांनी ते चाखून पाहिले आणि जगाला सुक्रॅलोज मिळाले. इंग्रजी उच्चारात परीक्षा आणि चव या दोन शब्दांत निदान थोडा फरक आहे. मराठीत दोन्ही ‘टेस्ट’ असेच लिहिले जातात. जिभेने घेतलेली परीक्षा खरी मानावी का, हाच पुढच्या विचाराचा गाभा आहे.

सॅकरिनची गोडी खोटी म्हणावी का? शिंपल्यावर चांदीचा भास होतो, तसा हा भास आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते बरोबर नाही. वैशेषिकांच्या मते रस हा रसनेंद्रियाने कळणारा गुण आहे, आणि सॅकरिन चाखणाऱ्याला गोडीच कळते. आधुनिक शरीरशास्त्रही तेच सांगते. जिभेवरच्या गोडीच्या ग्राहीला साखर जशी जागी करते, तशीच ही द्रव्येही करतात. प्रत्यक्ष खरे आहे. चुकते ते अनुमान. गोड फळ, दूध, मध यांच्या लाखो वर्षांच्या सहवासात ‘गोड ते पोषक’ ही व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्याचा नियम, शरीरात मुरली. या पदार्थांनी ती व्याप्ती मोडली. धुके पाहून धूर समजावा आणि डोंगरावर अग्नी असल्याचे अनुमान करावे, तसे हे आहे. डोळ्यांनी खोटे सांगितलेले नाही. हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, सदोष होता.

निसर्गात याच्या नेमके उलट करणारी वनस्पतीही आहे. गुडमार ऊर्फ मधुनाशिनीचे पान चघळले की काही काळ साखर तोंडात वाळूसारखी लागते, कारण पानातली आम्ले गोडीची ग्राही अडवून धरतात. इथे साखर आहे, पण रस नाही. सॅकरिनसारख्या द्रव्याच्या गोळीत रस आहे, पण साखर नाही. पोषण आणि आस्वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीला धक्का न लावता दुसरी काढून घेता येते, हे सिद्ध करायला याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

आता शरीराचा हिशेब. सॅकरिनवर १९७० च्या दशकात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मूत्राशयातील गाठींमुळे संशय आला. त्यांच्यात घडणारी प्रक्रिया माणसाला लागू नाही असे दिसल्यावर अमेरिकेने २००० मध्ये इशाऱ्याची सक्ती उठवली. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘२ बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. त्याच वेळी अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायची तर साखरविरहित शीतपेयाचे नऊ ते चौदा डबे रोज प्यावे लागतील. तेव्हा ‘हे विष आहे’ ही भीती निराधार आहे. फेनिलकीटोनमेह हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी मात्र ॲस्पार्टेम टाळलेच पाहिजे.

विष नाही म्हणजे पथ्यकर आहे, असे मात्र होत नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पदार्थांवर भिस्त ठेवू नये. थोड्या मुदतीच्या प्रयोगांत वजन किंचित उतरते. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांत मात्र त्यांचा वापर करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतो. यातला काही भाग उलटा असणार: वजन वाढू लागले म्हणूनच माणूस गोळीकडे वळतो. म्हणून हा सल्ला सशर्त आहे, आणि ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांना तो लागू केलेला नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रॅलोज घेणाऱ्या काहींची साखर पचवण्याची क्षमता दोन आठवड्यांत बिघडली, काहींची नाही. फरक आतड्यातल्या जिवाणूंशी जोडलेला दिसला. प्रकृती पाहून पथ्य ठरवावे, हा आयुर्वेदाचा जुना आग्रह इथे प्रयोगशाळेतून परत आल्यासारखा वाटतो.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेणे हा मात्र पर्याय नाही. रक्तातली साखर दोन्ही वाढवतात. ‘नैसर्गिक’ या शब्दात औषधी गुण नसतो.

चरकसंहितेत प्रमेहाची (मधुमेह याच विकारवर्गातला) कारणे सांगितली आहेत, ती नीट पाहण्यासारखी आहेत. गुळाचे पदार्थ त्या यादीत आहेत, पण शेवटाकडे. यादीची सुरुवात होते बसून राहण्याच्या आणि झोपून राहण्याच्या सुखाने. भारतात सुमारे १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाने दाखवले. चमचाभर साखरेच्या जागी गोळी घेतल्याने यादीतले एक कारण थोडे सौम्य होते. पहिली दोन जागची हलत नाहीत.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५९ वा श्लोक या विषयाच्या अगदी मुळाशी जातो. विषयांचा आहार बंद केलेल्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांचा रस मागे उरतो, असे तिथे म्हटले आहे. तो रस जातो परमतत्त्वाच्या दर्शनाने. ‘रस’ या शब्दाचा अर्थ इथे आसक्ती असा घेतला जातो, पण ज्ञानेश्वरांनी तो अक्षरशः जिभेपर्यंत आणला. बाकीची इंद्रिये आवरून रसना मोकळी सोडणे म्हणजे झाडाची वरची पालवी खुडत मुळाला पाणी घालत राहणे, असा दृष्टान्त त्यांनी दिला. साखर सोडून गोडी राखणे हे त्या दृष्टान्ताचे यंत्रयुगातले रूप आहे. पालवी खुडली, उष्मांक गेले. मुळाला पाणी चालूच.

गोडी कमी केली की गोडीची ओढ आपोआप कमी होईल का? नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली सुमारे १८० प्रौढांना सहा महिने वेगवेगळ्या प्रमाणात गोड आहार देण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले. ज्यांना कमी गोड मिळाले त्यांची आवड घटली नाही, ज्यांना जास्त मिळाले त्यांची वाढलीही नाही. म्हणजे गोळीमुळे हाव वाढते हा नेहमीचा आरोप या प्रयोगाने टिकत नाही. पण नुसता विषय दूर केल्याने रस जात नाही, हे गीतेचे निरीक्षणही तो खोडत नाही, उलट दृढ करतो. वासना सुटते ती दुसरे काही अधिक मोलाचे हाती आल्यावर, हे श्लोकाच्या उत्तरार्धाचे म्हणणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर आहे.

महात्मा गांधींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली. ‘मंगलप्रभात’ या नावाने ती प्रसिद्ध आहेत. त्यांतले अस्वादव्रत अन्न औषधासारखे घ्यायला सांगते. चव वाढवण्यासाठी मीठ घेणे हा व्रतभंग. शरीराला अवश्य म्हणून घेतले तर तो व्रतभंग नव्हे. ही कसोटी गोळीला लावली तर उत्तर कठोर येते. अशक्त माणसाने घेतलेली साखर व्रतात बसू शकते, कारण तिच्यात पोषण आहे. गोळीत चवीवाचून काहीच नाही, म्हणून निरोगी माणसासाठी ती निव्वळ स्वाद ठरते. जैनांच्या सहा बाह्य तपांतल्या रसपरित्यागालाही हाच पेच पडतो: गूळ वर्ज्य असताना गुळाची चव चालेल का? पदार्थाची यादी म्हणून व्रत वाचले तर चालेल. त्याचा हेतू वाचला तर चालणार नाही.

तरीही परंपरा चवीची वैरी आहे असे समजणे अन्यायाचे होईल. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहार ‘रस्य’ म्हटला आहे, आणि राजस आहाराच्या यादीत कडू, आंबट, खारट असताना गोड मात्र नाही. सुजातेने दिलेली खीर घेऊनच सिद्धार्थाने देह कष्टवण्याचा मार्ग सोडला. दोष गोडीत नाही. मीमांसकांचा नित्य आणि नैमित्तिक हा भेद इथे उपयोगी पडतो. रोज करायचे ते नित्य, प्रसंगाने करायचे ते नैमित्तिक. महाराष्ट्रात पक्वान्न नैमित्तिक होते: संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याच्या गाठी, होळीची पुरणपोळी. साखर महाग होती आणि पंचांग तिला आवर घालत होते. साखर स्वस्त झाली तसा तो आवर सैल झाला; गोळीने शेवटची अडचण, म्हणजे परिणामांची भीतीही काढून टाकली. गोडी पूर्णपणे नित्य झाली, आणि नित्य झालेल्या गोष्टीतले निमित्त हरवते.

मधुमेही माणसाचे प्रकरण निराळे आहे, आणि त्याला संयमाचे प्रवचन देणे क्रूरपणाचे आहे. रोज चार वेळा चहा घेणाऱ्याची साखर एका दिवसात तोडता येत नाही. चेन्नईत टाइप २ मधुमेहींवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी बारा आठवडे सुक्रॅलोज दिले, तेव्हा रक्तशर्करेच्या नियंत्रणात फरक पडला नाही, पण वजन आणि कमरेचा घेर थोडा उतरला. अपाय नाही, लाभ माफक. धर्मशास्त्रात अशा सवलतीला आपद्धर्म म्हणतात. संकटात तो निर्दोष असतो. संकट नसलेल्याने तोच आपला रोजचा धर्म करावा, असे मात्र कोणत्याही स्मृतीने सांगितलेले नाही. घरात एकासाठी आणलेली डबी हळूहळू सगळ्यांच्या कपात रिकामी होते, तेव्हा नेमके हेच घडत असते. लहान मुलांच्या दुधात ती टाकायला तर आपत्तीचे कारणही उरत नाही. दूध स्वतःच गोड असते.