ऐब सांगणारे यंत्र

सोलापुरात आमच्या धाकट्या भावाचा कपड्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करण्याचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, हाताने फिरवायचे चार रंगांचे मशीन आणि तीन कामगार. शाळांच्या टी-शर्टवर नाव छापणे हे मुख्य काम. जून आला की हात पुरत नाहीत, म्हणून स्वयंचलित प्रेस घ्यायचे ठरले. पैसे अब्बांनी हजसाठी बाजूला ठेवलेले. "हजला आणखी एखाद्या वर्षाने जाऊ," एवढेच बोलून त्यांनी निवड आम्हा भावंडांवर सोपवली. आणि आम्ही एका साध्या प्रश्नाशी अडलो. प्रेस हवेवर चालणारी घ्यावी की विजेवर?

यात लिहिण्यासारखे काय आहे, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटले होते.

हवेच्या प्रेसमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. ती नळ्यांतून सिलिंडरमध्ये जाते आणि तिच्या जोरावर शाई ओढणारी रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, मागेपुढे सरकते. यंत्र स्वस्त, पण खर्चिक. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतली जेमतेम १० ते १५ टक्के प्रत्यक्ष कामाला येते, बाकीची उष्णता होऊन जाते. पावसाळ्यात हवेतला ओलावा टाकीत पाणी होऊन साचतो. ते रोज सोडले नाही तर सिलिंडरपर्यंत पोचते. दाब उतरला की स्क्वीजी मंदावते आणि रंग कुठे दाट, कुठे फिका बसतो. विजेच्या प्रेसमध्ये हेच काम मोटर करते. पहिल्या टी-शर्टला जो वेग, तोच हजाराव्या टी-शर्टला.

एवढ्यावर निकाल लागला असता. पण भाऊ म्हणाला, "आपा, हवेची नळी फुटली की फुसफुस ऐकू येतं. कान लावला की जागा सापडते. गल्लीतला मिस्त्री अर्ध्या तासात नीट करून देतो. विजेच्या मशीनचा ड्राइव्ह गेला तर काही ऐकू येत नाही. नुसतं उभं राहतं. मग कंपनीला फोन करत बसा."

तेव्हा ध्यानात आले की आम्ही दोन यंत्रांपेक्षा दोन माणसांची तुलना करत होतो. हवेची प्रेस घेणारा गल्लीतल्या मिस्त्रीवर भरवसा ठेवतो, विजेची घेणारा दूरच्या उत्पादकावर. मिस्त्रीची दोन मुले आमच्या वर्गातून शिकून गेली. उत्पादकाला आम्ही गुळगुळीत कागदावरच पाहिले होते.

त्यांतल्या एकाचा माणूस घरी आला. "पूर्ण इलेक्ट्रिक, हवेचं नाव नाही," म्हणाला. भावाने माहितीपत्रकाची मागची बाजू वाचली, तर स्क्वीजी कपड्यावर टेकवायला आणि उचलायला हवाच लागते आणि त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर वेगळा घ्यावा लागतो, असे बारीक अक्षरांत होते. तो माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

आम्हाला फार राग आला. फिकहमध्ये 'खियारुल ऐब' नावाचे तत्त्व आहे. मालातला लपलेला दोष मागाहून उघड झाला तर सौदा मोडण्याचा हक्क ग्राहकाला असतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. भिजण्यात त्या व्यापाऱ्याचा काय दोष? त्याने ओले धान्य खाली सारले, एवढाच त्याचा अपराध. ग्राहकाने विचारले की नाही, हा मुद्दा तिथे येतच नाही.

हे सगळे त्या माणसाला सुनवायला हवे होते, असे मनाशी घोळवत आम्ही शाळेत गेलो. हजेरी घेताना पहिल्या बाकावरच्या मुलीकडे नजर गेली. टी-शर्टवरचे शाळेचे उर्दू नाव तडकले होते. नुक्ते तर गळूनच पडले होते, त्यामुळे अक्षरे भलतीच वाचली जात होती. ते टी-शर्ट आमच्याच भावाने छापलेले, आमच्याच शब्दावर शाळेने घेतलेले.

प्लास्टिसॉल शाईच्या पूर्ण थराला साधारण १६० अंश सेल्सियस उष्णता मिळावी लागते. कमी पडली तरी वरून ती कोरडीच दिसते, बोटाला लागत नाही. दोष उघडतो तो धुण्यात, आयांच्या हातात. संध्याकाळी भावाला विचारले. तो बराच वेळ गप्प होता. त्या आठवड्यात वीज सारखी जात होती, ड्रायर पुरता तापत नव्हता आणि माल तर वेळेवर द्यायचा होता. "दिसायला चांगलं होतं, आपा. आणि कुणी विचारलंही नाही."

त्या रात्री आम्ही जेवताना फारसे बोललो नाही. सकाळी तो स्वतः मुख्याध्यापिकांकडे गेला. शाबूत होते ते टी-शर्ट पुन्हा ड्रायरमधून काढून दिले, तडकलेल्यांच्या जागी नवे. खर्च प्रेसच्या पैशांतून गेला.

नंतर आम्ही प्रत्येक उत्पादकाला एकच विचारू लागलो: तुमच्या यंत्रात आधी काय बिघडते? बहुतेकांनी "काहीच नाही" म्हटले. एकजण म्हणाला, "व्होल्टेज वरखाली झालं की ड्राइव्ह जळतो. स्टॅबिलायझर लावा, एक ड्राइव्ह जास्तीचा घेऊन ठेवा. आमचा माणूस पोचायला दोन दिवस लागतात." आम्हाला बरे वाटले. पण खरे सांगायचे तर मोकळेपणा हीदेखील विक्रीची एक कला असू शकते. म्हणून त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये जाऊन आलो, आणि सगळे कागदावर मागितले. भावाला संकोच वाटत होता. भरवसा असेल तर लिहून कशाला घ्यायचे? कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, याची अब्बांनी त्याला आठवण करून दिली.

विसार दिला आहे. प्रेस विजेचीच आहे, यायची आहे. दोन दिवसांत माणूस आणि ड्राइव्हची किंमत, हे दोन्ही त्या कागदावर सहीनिशी आहे. अब्बांनी तो आपल्या पासपोर्टच्या पिशवीत ठेवला आहे. भावाने शाळांना द्यायच्या बिलावर एक ओळ वाढवली आहे: छपाई धुण्यात गेली तर माल परत आणावा.